ओनोनचा काठ आणि भीमेचा काठ

‘इथे काय मोगलाई लागून गेली आहे?’ असे आपण रागाच्या भरात सहज बोलून जातो. अंधेर, अन्याय, बळी तो कान पिळी, एवढा सारा अर्थ त्या एका शब्दात मराठी माणसाने भरून ठेवला आहे. हा शब्द मूळचा कुठला, याचा विचार बोलणारा करीत नाही आणि त्याने तो करावा असेही नाही. मात्र शब्दाचा मागोवा घेत मागे गेले, तर आपण दिल्लीला न थांबता मंगोलियातील ओनोन नदीच्या काठी जाऊन पोहोचतो. ‘मंगोल’चे फारसीत ‘मुघल’ झाले आणि मराठी कागदपत्रांत ‘मोंगल’. गंमत अशी, की दिल्लीच्या ज्या घराण्याला आपण मोगल म्हणतो ते घराणे स्वतःला हे नाव लावीत नसे. त्यांना अभिमान होता तो तैमूरच्या वंशाचा. चंगीझखानाचे रक्त बाबराकडे आले ते आईच्या बाजूने, खानाचा दुसरा पुत्र चघताई याच्या शाखेतून. पुढे पेशवाईत हैदराबादच्या निजामाचा मुलूख म्हणजे ‘मोगलाई’ असा अर्थ रूढ झाला.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या इतिहासाकडे पाहताना हा शब्द मला नेहमी आठवतो. भीमा आणि नीरा यांच्या बेचक्यात वसलेला हा प्रदेश. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा, मधून कऱ्हा येऊन नीरेला मिळते आणि इंदापूर तालुक्याच्या अगदी टोकाला, नरसिंहपूरला, नीरा भीमेत विलीन होते. आज तेथे उसाचे फड, वालचंदनगर-भवानीनगरचे कारखाने आणि उजनीचे अफाट पाणी दिसते. पण इंग्रजांनी १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा काढला, त्यापूर्वीचा हा मुलूख डोळ्यांसमोर आणला पाहिजे. तुटपुंजा पाऊस, उघडे माळ, बाजरी-ज्वारी, मेंढरांचे कळप आणि घोडी. बारामती-दौंड भागाला पूर्वी भीमथडी म्हणत आणि भीमथडीची तट्टे साऱ्या दख्खनमध्ये नावाजलेली होती. चणीने लहान, खाण्याला थोडकी, चालण्याला चिवट. गेल्या काही वर्षांत या घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली आहे. दिवाळीनंतर वाडा हलवून कोकणच्या वाटेला लागणारा धनगर आणि ऋतूप्रमाणे तंबू हलविणारा मंगोल यांचे जगणे एकच होते असे मी म्हणणार नाही. तरीही उघडा माळ, काटक घोडा आणि बेभरवशाचे पाणी ज्याच्या वाट्याला आले, त्याला राज्य उभारायचे तर काय करावे लागते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच उभा राहिला होता.

आधी ओनोनच्या काठाकडे जाऊ. तेमुजिनचा जन्म ११६२ च्या सुमाराचा मानतात. बाप येसुगेई एका लहानशा कुळाचा सरदार. मुलगा नऊ वर्षांचा झाला तेव्हा बापाने त्याला सोयरीक करण्यासाठी मुलीकडच्या घरी नेऊन ठेवले. परतीच्या वाटेवर काही तातार मेजवानीला बसले होते, त्यांच्याकडे तो तहानेला म्हणून थांबला. त्यांनी जुना वैरी ओळखला आणि पेल्यातून विष दिले. तीन दिवस घोडा हाकीत तो घरी पोहोचला आणि मेला. त्यानंतर जे घडले ते भटक्या समाजाच्या रीतीला धरूनच घडले. पुरुष गेला, मुले लहान, तेव्हा या घराचे ओझे कोण वाहणार? तायचिउद भाऊबंदांनी तळ हलविला आणि विधवेला मुलांसह मागे टाकले. आई होएलुन निशाण हाती घेऊन घोड्यावर बसली, निघालेल्यांपैकी निम्मे लोक तिने माघारी वळविले. पण तेही टिकले नाहीत. मग रानकांदे, कंद, रानफळे खणून-वेचून आणि नदीतले मासे पकडून तिने मुले जगविली.

या उपासमारीच्या दिवसांतील एक गोष्ट भयंकर आहे. सावत्र भाऊ बेख्तेर याने पकडलेला मासा हिसकावून घेतला, आदल्या दिवशी पाखरू हिसकावले होते, म्हणून तेमुजिन आणि त्याचा सख्खा भाऊ खसार यांनी त्याला पुढून-मागून बाण मारून ठार केले. आईने मुलांना श्वापदांची नावे घेऊन शिव्याशाप दिले. पुढे तायचिउदांनी तेमुजिनला धरून त्याच्या गळ्यात लाकडी खोडा घातला. मेजवानीच्या रात्री त्याच खोड्याने पहारेकऱ्याच्या डोक्यात तडाखा देऊन तो निसटला आणि नदीच्या पाण्यात तोंड तेवढे वर ठेवून पडून राहिला. सोर्खन-शिरा नावाच्या परक्या माणसाने त्याला पाहिले, पण बोभाटा केला नाही. उलट लोकरीच्या गाडीत लपवून त्याला वाचविले.

हे सारे आपल्याला समजते ते ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या ग्रंथातून. हा ग्रंथ खानाच्या मृत्यूनंतर, त्याच्याच वंशजांसाठी रचला गेला. राजघराण्यातल्यांसाठी लिहिणाऱ्याने भावाच्या हत्येची कथा खुशाल गाळली असती तरी त्याला कोणी विचारले नसते. त्याने ती ठेवली. विजेत्याच्या घरातला ग्रंथ विजेत्याची लाज झाकत नाही, तेव्हा त्यातल्या इतर गोष्टींवर विश्वास ठेवायला थोडी अधिक जागा मिळते. हे सूत्र आपल्याला पुढे सुप्याला गेल्यावर पुन्हा उपयोगी पडणार आहे.

तेमुजिन वर आला तो एका बलाढ्य आश्रयदात्याच्या पाठबळाने. लग्नात बोर्तेकडून आलेली काळ्या सेबलची फरची बंडी त्याने केरेइतांचा राजा तोघ्रुल याला भेट दिली आणि बापाचा जुना मित्र म्हणून त्याची छाया मागितली. हे केरेइत नेस्टोरियन परंपरेचे ख्रिस्ती होते. पूर्वेकडे कुठेतरी प्रेस्टर जॉन नावाचा थोर ख्रिस्ती राजा आहे, ही मध्ययुगीन युरोपातील आख्यायिका आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. मार्को पोलोने ती याच तोघ्रुलच्या गळ्यात घातली आहे. प्रत्यक्षातला तोघ्रुल आख्यायिकेइतका पुण्यवान मुळीच नव्हता. त्याने भावांचे खून करून गादी मिळविली होती. मेर्कितांनी बोर्तेला पळवून नेले तेव्हा तोघ्रुल आणि तेमुजिनचा मानलेला भाऊ जमुखा यांच्या फौजा मदतीला आल्या. पुढे या दोघांशीच लढून तेमुजिन मोठा झाला. १२०२ मध्ये तातार, १२०३ मध्ये केरेइत, १२०४ मध्ये नैमान असे एकेक मोडीत काढून १२०६ मध्ये ओनोनच्या उगमाजवळ भरलेल्या सभेत तो चंगीझखान झाला. त्याने जुन्या कुळांची मोडतोड करून माणसे दहा, शंभर, हजार अशा तुकड्यांत बांधली आणि ९५ हजाऱ्या नेमल्या. माणूस कोणत्या कुळातला यापेक्षा कोणत्या हजारीतला, याला महत्त्व आले. नैमानांच्या पराभवात हाती लागलेल्या उइगुर लेखकाकडून त्याने मुलांना लिहायला शिकविले. स्वतः मात्र तो अखेरपर्यंत निरक्षर राहिला असे दिसते.

आता इंदापूर. येथे मालोजीराजे भोसल्यांची समाधी आहे. वेरुळचे पाटील बाबाजी भोसले यांचे मालोजी आणि विठोजी हे पुत्र निजामशाहीच्या चाकरीत चढत गेले. मालोजींचे लग्न नीरेपलीकडच्या फलटणच्या नाईक-निंबाळकरांच्या घरात झाले. पुणे आणि सुपे हे परगणे त्यांना मिळाले. इंदापूरच्या लढाईत ते पडले. या लढाईचे वर्ष निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळे दिले आहे, त्या वादात मी शिरत नाही. मुले लहान होती. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवलेली. पण येथे ओनोनच्या काठी झाले तसे झाले नाही. चुलता विठोजी पाठीशी उभा राहिला आणि निजामशाहीने बापाची जहागीर मुलांच्या नावे चालविली. वतन आणि दप्तर ही दख्खनची दोन खुंटे किती घट्ट होती, ते यावरून कळते. कुळ तळ हलवून निघून जाईल, पण परगणा जागचा हलत नाही, आणि त्याचा हिशेब राखणारा देशपांडेही हलत नाही.

शहाजीराजांकडे आपल्या इतिहासलेखनाने बहुधा ‘वडील’ म्हणूनच पाहिले. हा अन्याय आहे असे मला वाटते. ऑक्टोबर १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही यांच्या जोड फौजांचा धुव्वा उडविला, त्यात शहाजीराजे होते. धाकटा भाऊ शरीफजी तेथेच पडला. सासरे लखुजी जाधवराव त्या दिवशी समोरच्या बाजूला होते. त्यानंतर शहाजीराजे आदिलशाहीत गेले, परतले. जुलै १६२९ मध्ये दौलताबादच्या दरबारात लखुजींचा त्यांच्या मुलांसह खून झाला, तेव्हा ते मोगलांकडे गेले. शाहजहानने त्यांना पंचहजारी मनसब दिली. या ‘हजारी’ शब्दाकडे वाचकांनी जरा थांबून पाहावे. चंगीझखानाच्या दहा-शंभर-हजारांच्या बांधणीचा वारसा तैमूरच्या वंशजांनी दिल्लीला आणला आणि तो इंदापुरी पडलेल्या एका मराठा सरदाराच्या मुलाच्या पदरी आला. पुढे शिवाजी महाराजांच्या घोडदळातही पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी आणि पाच हजाऱ्यांवर पंचहजारी, अशी बांधणी सभासदाने वर्णिली आहे.

मोगलांशीही शहाजीराजांचे पटले नाही. १६३३ मध्ये दौलताबाद पडले, निजामशहा कैद झाला, तेव्हा त्यांनी निजामशाही घराण्यातला एक लहान मुलगा शोधून पेमगिरीच्या किल्ल्यावर गादीवर बसविला आणि त्याच्या नावाने तीन वर्षे राज्य चालविले. राजा होण्याच्या इतक्या जवळ जाऊनही त्यांनी स्वतःच्या नावाचे छत्र धरले नाही. तेमुजिनने तोघ्रुलला बाजूला सारले, शहाजीराजे मात्र शेवटपर्यंत कोणातरी निजामशहाच्या नावानेच लढत राहिले. याला निष्ठा म्हणावे, की त्या काळच्या दख्खनमध्ये दुसरी वाटच नव्हती म्हणावे? मी दुसऱ्या बाजूला झुकतो. १६३६ मध्ये शाहजहान आणि आदिलशहा यांनी तह करून निजामशाही वाटून घेतली. कोंडीत सापडलेल्या शहाजीराजांनी पोर्तुगीजांकडे आश्रय मागितला, पण दोन बलाढ्य दरबारांचे वैर ओढवून घेण्याची त्यांची तयारी नव्हती. माहुलीला शरणागती झाली. बाल निजामशहा मोगलांच्या स्वाधीन करावा लागला. शहाजीराजे आदिलशाही चाकरीत कर्नाटकात गेले, आणि पुणे, सुपे, इंदापूरची जहागीर त्यांच्याकडे राहिली.

राहिली, पण कशी? १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले आणि गाढवांचा नांगर फिरविला, अशी परंपरा सांगते. पाठोपाठ १६३०-३२ चा दुष्काळ. या दुष्काळाने गुजरात आणि दख्खन ओस पाडले. देहूला तुकोबांची पहिली पत्नी याच दुष्काळात अन्नावाचून गेली असे मानतात. त्यावर फौजांची ये-जा. बारामती-इंदापूरसारख्या आधीच कोरड्या मुलखात काय उरले असेल याची कल्पना करता येते. शेत पडीक पडले, की त्यावर झाडोरा वाढतो, झाडोऱ्यात लांडगे येतात, आणि लांडगे आले की उरलेला कुणबीही गाव सोडतो.

चंगीझखानाच्या मागे त्याच्या फौजांनीही असाच मुलूख ठेवला होता, फार मोठ्या प्रमाणावर. १२१५ मध्ये आजच्या पेकिंगच्या जागी असलेले झोंगदू पडले. १२१९ नंतर ख्वारिझमची बुखारा, समरकंद, मर्व्ह, निशापूर ही नगरे उद्ध्वस्त झाली. पोप इनोसंट चौथे यांनी फ्रान्सिस्कन संन्यासी प्लानो कार्पिनीचा योहान याला खानाच्या दरबारी धाडले. १२४५ च्या ईस्टरला निघालेल्या त्या वृद्ध धर्मगुरूने वाटेत कीवच्या परिसरात माणसांच्या कवट्या-हाडे विखुरलेली पाहिली, आणि तसे लिहून ठेवले. नव्या खानाचे उद्दाम उत्तर त्याने पोपमहोदयांना आणून दिले, ते आजही व्हॅटिकनच्या संग्रहात आहे. या संहाराची आणि शिवाजी महाराजांच्या राज्यस्थापनेची तुलना कोणी करू नये. ती होऊच शकत नाही. मी तुलना करतो आहे ती ओसाड मुलखाची आणि तो पुन्हा वसविणाऱ्या माणसांची.

मंगोलांकडे हा माणूस होता येलू चुत्साय. खितान वंशाचा, चिनी विद्येत मुरलेला. उत्तर चीन जिंकल्यावर काही मंगोल सरदार म्हणू लागले, की या शेतकऱ्यांचा आपल्याला काय उपयोग? माणसे हटवावीत आणि सगळे रान घोड्यांच्या चराईला सोडावे. चुत्सायने खानाचा पुत्र ओगोदेई याच्यापुढे हिशेब मांडला. जमिनीवरचा कर, मीठ, दारू, लोखंड यांवरचे उत्पन्न, वर्षाला इतकी चांदी, इतके रेशीम, इतके धान्य. १२३१ मध्ये ते उत्पन्न प्रत्यक्ष समोर आणून ठेवले तेव्हा खान चकित झाला. लक्षावधी माणसे जगली ती दयेच्या उपदेशाने नव्हे, एका कारकुनाच्या वहीने. घोड्यावर बसून राज्य जिंकता येते, चालविता येत नाही, ही जुनी चिनी म्हण तो वापरीत असे म्हणतात.

पुण्याच्या जहागिरीत हे काम दादोजी कोंडदेवांनी केले. त्यांच्या नावाभोवती आपल्याकडे गुरू की कारभारी असा मोठा वाद झाला आहे. मला त्यात कारभारीपणाच अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याला कोणी कमीपणा मानू नये. लांडगे मारणाऱ्याला इनाम, पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला पहिल्या वर्षी नाममात्र सारा आणि मग वर्षावर्षाने चढता, अशी व्यवस्था त्यांनी लावल्याचे उल्लेख आहेत. मलिक अंबरने घालून दिलेली जमाबंदीची पद्धत त्यांच्यापुढे होती. न्यायनिवाडे झाले, पाटील-देशमुखांच्या दांडगाईला आळा बसला. जिजाऊसाहेब आणि बाल शिवाजीराजे याच काळात पुण्यात होते. २८ जानेवारी १६४६ चे रांझ्याच्या पाटलासंबंधीचे पत्र शिवाजीराजांच्या संस्कृत मुद्रेचे आहे. एका स्त्रीवर अत्याचार केल्याबद्दल पाटलाला दिलेल्या शिक्षेचा तो कागद. राजे तेव्हा सोळा वर्षांचेही पुरते नव्हते. तेमुजिनच्या पौगंडावस्थेतली पहिली नोंद भावाच्या खुनाची आहे, आणि शिवाजीराजांची एका निवाड्याची. हा फरक केवळ दोन स्वभावांचा आहे असे मानू नये. एकाला उपाशी माळ मिळाला होता, दुसऱ्याला एक चालते दप्तर आणि ते समजावून देणारी माणसे.

१६४७ मध्ये दादोजी वारले आणि जहागिरीचा कारभार थेट राजांच्या हाती आला. चाकणचा फिरंगोजी नरसाळा त्यांना मिळाला. बारामती आणि इंदापूरच्या ठाण्यांवरील अधिकाऱ्यांनी विनातक्रार त्यांचा अंमल मान्य केला, असे जदुनाथ सरकार नोंदवितात. इतिहासात लढाया लिहिल्या जातात, हे असे निमूट मान्य करणे एका ओळीत संपते. पण मागची दहा वर्षे त्या ठाण्यांच्या गावांत पीक उभे राहिले नसते, तर ही ओळ इतकी सोपी झाली असती का?

अडले ते सुप्याला. तेथे संभाजी मोहिते होते, शहाजीराजांच्या दुसऱ्या पत्नी तुकाबाई यांचे बंधू, म्हणजे राजांचे सावत्र मामा. ते ठाणे देईनात. शिमग्याचे पोस्त मागण्याच्या निमित्ताने भाचा मामाकडे गेला, आणि मामा कैद झाला. तीनशे घोड्यांची पागा, द्रव्य आणि परगणा हाती आला. ही घटना कोणत्या वर्षी घडली याविषयी इतिहासकार वेगवेगळी मते देतात. कृष्णाजी अनंत सभासदाने ही हकीकत १६९४ मध्ये जिंजीला, महाराजांच्या पुत्राच्या आज्ञेने लिहिली. सणाच्या दिवशी आप्ताला फसविल्याची ही गोष्ट त्याने झाकली नाही, आणि सजविलीही नाही. ‘गुप्त इतिहासा’बद्दल जे म्हटले तेच येथे. फरक हा, की येथे मामाचे रक्त सांडले नाही. त्यांना कर्नाटकात शहाजीराजांकडे पाठवून दिले गेले.

आणि मग तो जुना शब्द खराखुरा या माळावर आला. फेब्रुवारी १६६० मध्ये औरंगजेबाचा मामा शाइस्ताखान अहमदनगरहून निघाला. भीमा ओलांडून एप्रिलमध्ये त्याची फौज सुप्यावरून बारामतीला आली, तेथून नीरेच्या काठाने शिरवळकडे वळली. जागोजाग चौक्या बसवीत मे महिन्यात खान पुण्यात शिरला, आणि राजे ज्या लाल महालात वाढले तेथेच जाऊन राहिला. स्वतः खान इराणी वंशाचा, पण बारामतीच्या कुणब्याच्या लेखी आले ते मोंगल. मराठ्यांची तुकडी पुढे राहून चारा-पाणी तोडत, हुलकावण्या देत माघार घेत होती. वसविलेली गावे पुन्हा फौजेच्या वाटेत आली.

५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात जे घडले ते शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. खानाची बदली बंगालला झाली. तो दख्खन सोडून गेला त्याच सुमारास, २३ जानेवारी १६६४ ला, कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे गेले. ‘गुप्त इतिहास’ सांगतो, की चंगीझखानही आपल्या अखेरच्या मोहिमेवर जाताना रानगाढवांच्या शिकारीत घोडा उधळून पडला होता. ते दुखणे अंगावर असतानाच १२२७ च्या ऑगस्टमध्ये तो मेला. होदिगेरेला शहाजीराजांची समाधी आहे, इंदापूरला मालोजीराजांची. खानाचे दफन कोठे झाले, ते आजवर कोणालाही सापडलेले नाही.